ड्राय फायर झालेला कंपाऊंड बो आणि तेरा ग्रॅमचे बाण

तुमचा प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे माझी समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. मुलीसाठी सेकंडहँड कंपाऊंड (टोकांना चाकं असलेला धनुष्य) घेतला, लेबलवर ४२ पौंड, म्हणजे ओढायला लागणारं वजन, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ओढायची लांबी, २६ इंच. मोठ्या भावाने मित्रांना दाखवायला म्हणून बाण न लावता बोटांनी ओढला आणि सोडला, यालाच ड्राय फायर म्हणतात. मोठा आवाज झाला, खालच्या कॅमवरून (टोकाच्या चाकावरून) स्ट्रिंग निघाली आणि आता बो हॉलमध्ये सोफ्यामागे पडलाय. तुमचा गॅरेजवाला मित्र म्हणतो पाना घालून तार परत बसवून देतो, त्यात काय एवढं. आणि दुसरा प्रश्न बाणांचा, आत्ताचे बाण सोनाराच्या काट्यावर १५ ग्रॅम भरले (हे तुम्ही भारी केलंत, सोनाराचा काटा बाणाला एकदम बरोबर), आणि विकणारा म्हणतो १३ ग्रॅमचे घ्या, हलका बाण सरळ जातो, पोरीला ५० मीटर सोपं पडेल.

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत पण माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे, का ते खाली येईलच. त्याआधी मित्राला फोन करा आणि सांगा की त्या बो-ला हात लावायचा नाही. खरंच आत्ता करा, मग पुढचं वाचा.

कारण असं की स्ट्रिंग एका कॅमवरून निघाली म्हणजे बो सैल झाला असं नाही. लिंब, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पट्ट्या, अजून वाकलेलेच आहेत, केबलवर (दोन्ही कॅम जोडणाऱ्या तारांवर) ताण आहेच, फक्त तो आता वाकड्यातिकड्या जागी अडकून बसलाय. तिथे कुणी पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि काहीतरी निसटलं तर कॅम गर्रकन फिरतो आणि मध्ये बोट असेल तर ते बोट गेलंच समजा. माझ्या डाव्या पोटरीवर एक व्रण आहे, केबलचा, खूप वर्षांपूर्वी अशीच घाई केली होती आणि तेव्हा मी शिकवायलाही लागलो होतो, म्हणजे नवखा होतो असंही म्हणता येत नाही. तर बो गोधडीत गुंडाळा, आडवा ठेवा, लहान मुलं आणि मांजर जाणार नाही अशा ठिकाणी. ओढून बघू नका, स्ट्रिंग कापून मोकळा करू नका (हा सल्ला देणारेही भेटतात!), आणि लिंबचे बोल्ट सैल करू नका. चांगल्या बोचे बोल्ट सैल करून वजन कमी करतात हे खरं, पण ते स्ट्रिंग जागेवर असताना आणि कंपनीने जेवढे फेरे सांगितलेत तेवढेच.

लिंब म्हणजे काय हे घरच्यांना सांगताना पंचाईत होते. आमच्या साताऱ्याजवळ लिंब नावाचं गावच आहे, बारा मोटांची विहीर आहे ना, तेच, त्यामुळे नवीन पोरांना 'लिंब चेक कर' म्हटलं की हमखास कुणीतरी हसतं. तर हँडलचा जो धातूचा भाग तो रायझर, आणि त्याला वर-खाली ज्या वाकणाऱ्या पट्ट्या असतात ते लिंब. फायबर ग्लास किंवा कार्बन मिसळलेल्या असतात, हल्ली बहुतेक बोला वर दोन खाली दोन अशा चार पट्ट्या. बोची सगळी ताकद त्यांच्यात साठते. कॅम म्हणजे टोकाची वाकडी चाकं, ती फक्त ताकद कधी किती द्यायची ते ठरवतात, म्हणून शेवटाला ओढून धरताना वजन एकदम कमी होतं आणि पोरांना वाटतं बो हलका आहे.

आता ड्राय फायरमध्ये नेमकं होतं काय. ४२ पौंडाचा, २६ इंचाचा बो पूर्ण ओढला की त्यात माझ्या अंदाजाने ५५-६० ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे सहा किलोची वस्तू मीटरभर उंचीवरून पायावर पडली तर जेवढी, तेवढी. ती सुटायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. बाण लावलेला असेल तर यातली साधारण ८० टक्के बाण घेऊन जातो, उरलेली आवाज, थरथर, स्टॅबिलायझरचं (तोल सांभाळणाऱ्या दांड्याचं) हलणं यात जिरते. म्हणजे रोजच्या शॉटला बोच्या अंगावर एक पंचमांश येतं आणि बो तेवढ्यासाठीच बनवलाय. बाणच नसेल तर शंभरच्या शंभर टक्के परत त्याच लिंब, कॅम, अ‍ॅक्सल (कॅमचा आस), स्ट्रिंगवर आदळतं. एका शॉटमध्ये पाच शॉटचा मार, आणि तोही उलट्या दिशेने. शिवाय तुमच्या चिरंजीवांनी रिलीज (स्ट्रिंग धरून सोडायचं बटणवालं साधन) न वापरता बोटांनी ओढला, त्यात स्ट्रिंगला पीळ बसतो, ती कॅमच्या खाचेतून तिरकी होते, आणि म्हणून नुसती सुटली नाही तर खाचेबाहेर गेली. पोराला फार बोलू नका, अकॅडमीत चार-चार वर्षं काढलेल्यांकडून पण हे होतं. रिलीजचं बटण चुकून लागणं, नॉक (बाणाच्या मागची, स्ट्रिंगवर बसणारी खाच) नीट न बसणं, बोलता बोलता बाण लावायलाच विसरणं, मी सगळे प्रकार बघितलेत.

मग बो वाचेल का? बऱ्याचदा वाचतो. पण वाचला की नाही हे डोळ्यांनी नुसतं बघून सांगता येत नाही आणि फोटोवरून तर नाहीच, म्हणून तुम्ही पाठवतो म्हणालेले फोटो पाठवा पण त्यावर मी 'चालेल' असं कधीच म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका.

करायचं काय तर ज्या अकॅडमीत बो प्रेस आहे तिथे घेऊन जा. प्रेस म्हणजे दोन्ही लिंबची टोकं सारखी दाबून स्ट्रिंग सैल करणारं मशीन. तुमच्या बोचे लिंब कोणत्या प्रकारचे त्यावर प्रेसही ठरतो, लिंब जवळजवळ आडवे असलेल्या नवीन बोला जुन्या पद्धतीचा प्रेस लावला तर चांगला लिंब तिथेच मोडतो. जॅक आणि पट्टे वापरून घरी बनवलेले प्रेस असतात, व्हिडिओही दिसतात, लांब राहा. आणि जाताना त्यांना आधीच सांगा की ड्राय फायर झालाय आणि स्ट्रिंग निघालीय. लपवू नका. लाज वाटते म्हणून 'आपोआप निघाली' सांगणारे पालक असतात आणि मग तो प्रेसवाला बिचारा साधा बो समजून तोंड जवळ नेतो.

तिथे त्यांनी काय काय बघायला हवं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल काम नीट होतंय की नुसती स्ट्रिंग चढवून पैसे घेतायत.

सगळ्यात आधी लिंब. कापसाचा बोळा घेऊन चारही पट्ट्यांच्या कडांवरून, पुढून, मागून, टोकापासून पॉकेटपर्यंत (लिंब रायझरमध्ये बसतो तिथपर्यंत) हळू फिरवायचा. कुठे बारीकसा तुकडा उठला असेल तर कापसाचा धागा तिथे अडकतो. बोट फिरवायचं नाही, फायबरची कूस बोटात घुसली की आठ दिवस ठणकते. मग अंधारात टॉर्च तिरका धरून बघायचं. लांबीच्या दिशेने बारीक रेघ असेल तर ती कधी कधी नुसती रंगाची असते, पण आडवी पांढरी रेघ दिसली, किंवा टोकाला जिथे अ‍ॅक्सल जातो तिथे थर सुटल्यासारखा वाटला, किंवा कडेचा पापुद्रा निघाला, तर तो लिंब संपला. फेविक्विक, अराल्डाइट, काही नाही. आणि लिंब एकटा बदलत नाहीत, जोडी किंवा सेट बदलतात, कारण प्रत्येक लिंबवर त्याच्या ताठरपणाचा नंबर असतो आणि तो जुळावा लागतो, नाहीतर कॅम एका बाजूला झुकतो आणि बो आयुष्यभर डावीकडे-उजवीकडे मारत राहतो.

मग कॅम. प्रेसमध्ये स्ट्रिंग काढली की कॅम हाताने मोकळा फिरवून बाजूने बघायचा, सायकलच्या चाकाची आऊट बघतो ना तसंच, डुगडुगतोय का, कडा वाकलीय का. खाचेत नखाने चाचपायचं, स्ट्रिंग निसटताना कडेला खरवड पडते आणि ती खरवड पुढे नवीन स्ट्रिंगला ब्लेडसारखी कापते. मी एक बो बघितला होता, त्या माणसाने चार महिन्यांत दोन स्ट्रिंग बदलल्या, बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि निघालं काय तर कॅमच्या खाचेत तांदळाच्या कण्याएवढी एक खरवड. अ‍ॅक्सल काढून काचेवर लोळवायचा, वाकलेला असेल तर लगेच कळतं. अ‍ॅक्सल स्वस्त असतो, संशय आला तर बदला, त्यावर विचार करत बसू नका. बेअरिंग, क्लिपा, मॉड्यूलचे (ड्रॉ लेंग्थ ठरवणाऱ्या कॅमवरच्या तुकड्याचे) स्क्रू, ओढणं जिथे थांबतं ती ड्रॉ स्टॉपची खुंटी, केबल जिथून जाते तो रोलर, हे पाच मिनिटांत होतं.

स्ट्रिंग आणि केबल, माझा सरळ हिशोब, ड्राय फायरमध्ये निघालेली स्ट्रिंग परत चढवू नका. एखादा धागा तुटलाय का, वरचं गुंडाळलेलं सर्व्हिंग सरकलंय का ते बघतात आणि 'ठीक आहे' म्हणतात, पण सर्व्हिंगच्या आत काय झालंय ते दिसत नाही. सेकंडहँड बो आहे म्हणजे तशीही किती जुनी कोण जाणे. नवीन सेट घाला. हल्लीच्या स्ट्रिंग डायनीमा आणि व्हेक्ट्रानसारख्या धाग्यांच्या असतात, ताणात चिवट, पण उन्हाळ्यात बंद गाडीत बो ठेवला की उष्णतेने लांबतात आणि मग कॅमचं टायमिंग, म्हणजे दोघांचं बरोबर फिरणं, जातं. विदर्भातली माझी मुलं मे महिन्यात बो गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जातात आणि मग विचारतात ग्रुप का फुटला, म्हणजे बाण एका जागी का बसत नाहीत.

सगळं ठीक निघालं तरी लगेच पोरीच्या हातात द्यायचा नाही. लिंबचे बोल्ट परवानगी असलेल्या सगळ्यात कमी वजनावर आणायचे, आणि आधी ड्रॉ बोर्डवर ओढायचा. ड्रॉ बोर्ड म्हणजे फळीवर बो अडकवून विंचने सावकाश ओढायची साधी सोय, माणूस बाजूला उभा, चेहरा लांब. पंधरा-वीस वेळा पूर्ण ओढून सोडायचा, म्हणजे विंचनेच परत आणायचा, नाहीतर परत ड्राय फायर! तिथेच दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच वेळी टेकतात का ते कळतं. मग परत कापूस. ठीक असेल तर वजन थोडं वाढवा, परत ओढा, परत कापूस. मग अ‍ॅक्सलपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर आणि ब्रेस हाइट (न ओढता हँडल ते स्ट्रिंग अंतर) मोजून कंपनीच्या आकड्याशी जुळवा, पाव इंचाहून जास्त फरक असेल तर काहीतरी राहिलंय. शेवटी तीन मीटरवरून गवताच्या बटवर (बाण रुतायच्या गठ्ठ्यावर) पहिले बाण, डोळ्याला गॉगल, आणि हे बाण मोठ्या माणसाने मारायचे, मुलीने नाही. पुढचे दोन-तीन आठवडे रोज प्रॅक्टिसच्या आधी कापूस. कारण काही लिंब लगेच नाही बोलत. माझ्याकडच्या एका मुलाचा बो अशा सगळ्या तपासणीतून पास झाला होता आणि अठराव्या-विसाव्या दिवशी सकाळी कापूस अडकला, खालच्या डाव्या पट्टीला केसाएवढी कूस. त्या दिवशी कापूस फिरवला नसता तर तो लिंब फुल ड्रॉला तोंडाजवळ फुटला असता.

खर्चाचं म्हणाल तर माझी फूटपट्टी अशी. फक्त स्ट्रिंग-केबल आणि अ‍ॅक्सल, तर डोळे झाकून दुरुस्त करा. एक कॅम वाकलाय आणि त्या मॉडेलचा कॅम मिळतोय, तरी करा. लिंबही गेले आणि कॅमही गेला, तर थांबा, त्या पैशात थोडी भर घालून दुसरा बो बघा. आणि मॉडेल इतकं जुनं असेल की लिंबच बनत नाहीत, तर तो बो भिंतीवर लावा. वॉरंटीच्या नादी लागू नका, ती बहुतेक पहिल्या मालकालाच असते आणि ड्राय फायर तर त्यात धरतच नाहीत.

सेकंडहँडचं हे पेव का फुटलं तेही कळतं मला. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी वर्ल्ड चॅम्पियन झाले, ओजसने फायनलला १५० पैकी १५० मारले, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला कंपाऊंडची मिक्स टीम आली. त्यामुळे ज्या घरात आधी बांबूच्या इंडियन राऊंडवर पोरं चार वर्षं काढायची तिथे थेट कंपाऊंड मागतात. वाईट नाही. फक्त विकणारे वाढलेत आणि त्यांना बो कळतोच असं नाही, आणि आता तुमच्या बाणांवर येतो तो त्यामुळेच.

वर म्हटलं की बाण ८० टक्के घेऊन जातो. हे ८० कशावर ठरतं? बाणाच्या वजनावर. जड बाण स्ट्रिंगवर जास्त वेळ बसतो, जास्त ऊर्जा घेऊन जातो. हलका बाण पटकन पळतो आणि कमी नेतो, उरलेली बोवर टाकून जातो. हलका करत करत शून्यावर नेला की काय झालं? ड्राय फायर. म्हणजे तुमच्या मुलाने एकदा जे केलं तेच थोडं थोडं तुमची मुलगी रोज शंभर बाण मारून करणार, जर बाण फार हलके असले तर. म्हणून म्हटलं एकच प्रश्न आहे.

याला खालची मर्यादा ठरलेली आहे. ड्रॉ वेटच्या प्रत्येक पौंडाला किमान ५ ग्रेन. ग्रेन हे बाणवाल्यांचं माप, १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. ४२ गुणिले ५ म्हणजे २१० ग्रेन, त्याखाली जायचंच नाही, बहुतेक कंपन्या तिथे हात वर करतात. विकणाऱ्याचे १३ ग्रॅम म्हणजे २०० ग्रेन, पौंडाला ४.८ पण नाही. झालं, विषय संपला, त्याला सांगा नको. तुमचे आत्ताचे १५ ग्रॅम म्हणजे २३१ ग्रेन, पौंडाला साडेपाच. नियमात बसतात, पण काठावर. आणि ४२ हे लेबलवरचं आहे! लटकवायच्या काट्याने खरं वजन मोजा, मॉड्यूल बदललेलं असेल किंवा स्ट्रिंगला पीळ जास्त असेल तर ४५ निघतं कधी कधी, मग तेच २३१ ग्रेन पौंडाला ५.१ वर येतात. दुरुस्त होऊन आलेल्या, एकदा मार खाल्लेल्या बोला मी काठावरचे बाण देणार नाही. साडेसहा ते सात धरा.

म्हणजे किती? ४२ गुणिले ६.५ ते ७, म्हणजे २७५ ते २९५ ग्रेन. बाण असा जुळवा. शाफ्ट (बाणाची नळी) समजा इंचाला ६.२ ग्रेनचा, २६ इंच, झाले १६१. पॉइंट, म्हणजे टोक, १०० ग्रेन. पिन (नॉक जिच्यावर बसतं ती) आणि नॉक मिळून १२. तीन व्हेन (मागची पिसं) आणि गोंद ९. बेरीज २८२, म्हणजे सव्वाअठरा ग्रॅम. पौंडाला ६.७. इथेच मी थांबेन.

आता तुम्ही म्हणाल जड बाण खाली पडेल, ५० मीटर पोचेल का. पोचतो हो. कागदावर हिशोब करून दाखवतो, हवेचा अडथळा सोडून, वेग माझ्या अंदाजाचे. या बोला २०० ग्रेनचा बाण सेकंदाला साधारण २७० फूट जाईल, २८२ चा २३४ फूट. ५० मीटर म्हणजे १६४ फूट, पहिल्याला ०.६१ सेकंद, दुसऱ्याला ०.७० सेकंद. तेवढ्या वेळात पहिला १.८ मीटर खाली येतो, दुसरा २.४ मीटर. फरक ६० सेंटिमीटरचा, ऐकायला केवढा वाटतो ना? पण तो साइटवर भरून काढायचा असतो आणि साइट डोळ्यापासून पाऊण मीटरवर असते, तिथे तो फरक होतो जेमतेम एक सेंटिमीटर. साइट एक सेंटिमीटर खाली घेतली, संपलं. टार्गेटला कळत नाही बाण वरून आला की सरळ, अंतर मोजलेलंच असतं. सरळ जाणाऱ्या बाणाचा फायदा अंदाजाने अंतर ठरवायच्या फील्ड प्रकारात, आपल्याकडे पोरं मैदानात मोजून ५० मीटरवर उभी असतात.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती सांगायलाच हवी. कमी वजन, कमी ड्रॉ लेंग्थ, जड बाण, असं झालं की ५० मीटरला साइट इतकी खाली जाते की जाताना बाणाचे व्हेन स्कोपच्या (साइटच्या भिंगाच्या) कडेला घासतात. बाण अचानक डावीकडे-उजवीकडे जायला लागले आणि व्हेनवर काळी रेघ दिसली तर हेच. मग साइटचा बार रायझरच्या जवळ आणायचा, तेवढ्याने बहुतेक भागतं, नाहीतर पीप (स्ट्रिंगमधलं बघायचं छिद्र) थोडा वर सरकवायचा आणि अँकर (ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) नीट बघायचा. तरीही घासत असेल तरच पॉइंट १०० चा ८० करा. म्हणजे वजन कमी करायचं कारण हे असावं, 'हलका सरळ जातो' हे नाही.

वजनापेक्षा जास्त मार्क कुठे जातात सांगू? डझनातले बाण एकमेकांशी न जुळण्यात. वरच्याच बोला एक बाण ५ ग्रेनने जड असेल तर ५० मीटरला तो साधारण पावणेचार सेंटिमीटर खाली बसतो. ८० सेंटिमीटरच्या फेसवर (टार्गेटच्या कागदावर) एक रिंग ४ सेंटिमीटरची. म्हणजे मुलीने सगळं बरोबर करूनही बाण दहाच्या काठावर, जरा हललं की दहाचा नऊ. ५ ग्रेन म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा फक्त. तर परत त्या सोनाराकडे जा, बाराही बाण एकेक करून तोला, त्यांच्यात एक-दोन ग्रेनपेक्षा जास्त फरक नको, आणि नॉकवर नंबर टाका. सेकंडहँड बाण बऱ्याचदा दोन-तीन वेगवेगळ्या सेटमधून गोळा केलेले असतात, रंग सारखा म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

स्पाइनचं, म्हणजे बाणाच्या ताठपणाचं, थोडक्यात सांगतो कारण ते चार्ट बघूनच ठरतं. २८ इंचाच्या टेकूवर शाफ्ट ठेवून मध्ये १.९४ पौंड टांगलं की तो जितका वाकतो त्याचा आकडा, ०.६०० इंच वाकला तर ६०० स्पाइन. आकडा मोठा म्हणजे बाण मऊ. तुमच्या मापाला ६०० ते ७०० च्या आसपास येईल, ज्या कंपनीचा शाफ्ट त्यांचाच चार्ट बघा. मुलगी वाढत्या वयाची आहे, वर्षभरात एक इंच आणि चार-पाच पौंड वाढतीलच, म्हणून चार्टच्या दोन आकड्यांत अडकलात तर ताठ बाजूचा घ्या, आणि शाफ्ट अर्धा इंच लांब ठेवा. कापता येतो, जोडता येत नाही. फार मऊ बाण कंपाऊंडवर नकोच, तो नुसता चुकत नाही, मोडू शकतो. पॉइंट जड केला की बाण मऊ वागतो हे लक्षात ठेवा, वजन वाढवायला १२० चा पॉइंट लावला आणि स्पाइन तोच ठेवला असं करू नका. तोल बघायचा असेल तर बाण बोटावर तोलून नॉकपासून अंतर मोजा, साडेसव्वीस इंचाचा बाण साडेसोळावर तोलला तर मधल्यापासून सव्वातीन इंच पुढे, म्हणजे १२ टक्के, छान आहे, १० ते १५ मध्ये काहीही चालतं.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही, नॉक. ड्राय फायर फक्त बाण न लावता होतो असं नाही. प्रॅक्टिसला १८ मीटरवर बाण एकमेकांना चिकटून बसतात, एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या नॉकला घासतो, नॉकला केसाएवढी चीर जाते. दिसत नाही. पुढच्या शॉटला नॉक फुटतं, स्ट्रिंग बाणाला ढकलायच्या ऐवजी बाजूने निसटते, बाण चार फुटांवर पडतो आणि बोला पूर्ण ड्राय फायरचा मार बसतो, बाण लावलेला असूनही! तुमच्या बोला आधीच्या मालकाकडे असं काही झालंच नसेल याची काय खात्री. म्हणून सेकंडहँड बाणांचे सगळे नॉक आजच काढून टाका, नवीन घाला, चहाच्या पैशात येतात. नॉक स्ट्रिंगवर टिचकन बसायला हवं, उलटा धरला तर बाण लटकला पाहिजे आणि स्ट्रिंगवर हलकी टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट असेल तरी नको, सैल तर नकोच.

आणि प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवायचा, थोडं फिरवून परत वाकवायचा, असं चहूबाजूंनी. करकर आवाज आला, खडबडीत लागला, तर मोडून कचऱ्यात टाका. मोडूनच, नाहीतर कुणीतरी उचलून परत लावतं. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या कुसा बो धरलेल्या हातात जातात, ते ऑपरेशन मी जवळून बघितलंय, लिहावंसं वाटत नाही.

तर आता क्रम असा ठेवा, आधी प्रेसवाल्याकडे, त्याच्याकडून लिंबचा निकाल, आणि बाण त्यानंतर. बो राहतोय की जातोय ते कळल्याशिवाय शाफ्ट मागवू नका, कारण दुसरा बो घेतला आणि तो ३८ चा किंवा ४८ चा निघाला तर वरचा सगळा हिशोब बदलतो. गोधडी सोडाल तेव्हा लिंबवरच्या स्टिकरचा एक फोटो काढा, लांबूनच, हात न लावता. त्यावर मॉडेल, वजनाची रेंज आणि लिंबचा नंबर असतो, तेवढं पाठवलंत तर त्याचे लिंब अजून मिळतात का ते मी विचारून सांगतो.